कामानं अंग धरलं तर काय करायचं : सीमाभागातल्या कष्टकऱ्यांसाठी पायरीपायरीनं माहिती

बेळगावच्या उद्यमबागेत ग्राइंडर धरणारे, वडगाव-खासबागेत मागावर बसणारे, निपाणीत विड्या वळणाऱ्या, रविवार पेठेत पोती वाहणारे, खानापूरकडे वीटभट्टीवर राबणारे, पावसाळ्यात वाफ्यात वाकून भात लावणाऱ्या बायका. यांतल्या कुणालाही विचारा, काही ना काही धरलेलं असतंच. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाचं मनगट. आणि उत्तरही ठरलेलं असतं : ‘काम म्हटल्यावर दुखायचंच.’

मी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यात, फेटलिंगला होतो. कास्टिंगवरचा, म्हणजे ओतलेल्या नगावरचा, जादा लोखंडी भाग घासून काढायचं काम. त्यात माझा उजवा खांदा आणि मनगट दोन्ही गेली. दवाखाना, ईएसआय (पगारातून हप्ता कापून मिळणारा कामगारांचा सरकारी विमा), सुपरवायझर या सगळ्या फेऱ्यांतून मी गेलो आहे, आणि आता गल्लीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो आहे. माझं म्हणणं एकच आहे. हे दुखणं कामातून येतं, म्हणून औषध अंगाला द्यायचं तसं कामालाही द्यावं लागतं. नुसतं अंग बरं करून त्याच जागी, त्याच पद्धतीनं उभं राहिलात तर महिन्याभरात तेच दुखणं परत येतं.

१. आधी ओळखा : हा थकवा आहे की दुखणं?

दिवसभर राबल्यावर अंग दुखणं आणि रात्रीच्या झोपेनंतर ते जाणं, हा थकवा. दुखणं वेगळं असतं. रविवारी सुट्टी घेतली की कमी होतं, सोमवारी कामाला लागलं की पुन्हा सुरू होतं. मग हळूहळू रविवारीही राहायला लागतं. शेवटी रात्री झोपेतून उठवतं. पहिल्या टप्प्यात धरलंत तर काम थोडं बदलून भागतं. तिसऱ्या टप्प्यात महिने जातात, म्हणून सोमवारची खूण दिसली की पुढच्या पायऱ्या सुरू करा.

आपल्याकडे जास्त दिसणारी दुखणी अशी :

- अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं. मनगटात नस दबली असेल तर असं होतं. करंगळी यात सहसा सुटलेली असते.
- अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणं. विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांत पुष्कळ.
- बोट मिटल्यावर अडकणं आणि ‘टक्’ करून सुटणं.
- कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं, पाना किंवा कपबशी उचलतानाही कळ येणं.
- हात खांद्याच्या वर नेला की कळ, त्या कुशीवर झोपता न येणं.
- कंबरेत चमक, किंवा कंबरेतून ढुंगणावाटे पायात खाली उतरणारी कळ.
- ग्राइंडर, ब्रेकर अशी थरथरणारी यंत्रं धरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडणं. बेळगावची डिसेंबरातली पहाट याला पुरते. हे लक्षण हलक्यात घेऊ नका. पुढच्या टप्प्यात गेलं की पूर्ण भरून येत नाही.

कारणं मोजकीच आहेत : जास्त जोर, तीच हालचाल हजारदा, वाकडी किंवा ताठ अडकलेली बसण-उठण, यंत्राची थरथर, आणि मधे विश्रांती नसणं. यांतली दोन-तीन एकत्र आली की दुखणं लवकर येतं. ऊसतोडीत जवळजवळ सगळी एकत्र असतात : कोयत्याचा घाव, वाकलेली कंबर, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं.

२. यांतलं काही असेल तर आजच दवाखान्यात

पुढची यादी वाचून थांबू नका, कामावर सांगा आणि निघा :

- कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा न कळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, जांघेच्या मधल्या भागाला बधिरपणा. इथे तासांचा हिशेब असतो. सिव्हिलचा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.
- पाऊल उचलता न येणं, चप्पल पायातून निसटणं, हातातून वस्तू पडणं.
- पडल्यानंतर, मार लागल्यानंतर सुरू झालेलं तीव्र दुखणं.
- दुखण्याबरोबर ताप, किंवा कारण नसताना वजन उतरणं. आपल्या भागात मणक्याचा क्षयही आढळतो, तो कंबरदुखी म्हणूनच सुरू होतो.
- सांधा लाल, गरम आणि सुजलेला.

आणखी एक ओळखून ठेवा. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याचं औषध वेगळं आहे आणि लवकर सुरू करावं लागतं. ‘कामाचंच आहे’ म्हणून त्यावर वर्ष घालवू नका.

३. एक वही करा

चाळीस पानी वही पुरे. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण वही दाखवायला सोपी जाते. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त उपयोग वहीचाच झाला, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

पहिल्या पानावर तुमचं काम लिहा, आणि असं लिहा की ते काम कधी न पाहिलेल्या माणसाला समजेल. ‘फेटलिंग’ एवढं लिहून डॉक्टरला काही कळत नाही. ‘चार-पाच किलोचा ग्राइंडर दोन्ही हातांत धरून, छातीच्या उंचीला, पाळीतले सहा तास’ असं लिहिलं की कळतं. विडी वळत असाल तर ‘मांडी घालून, सूप मांडीवर, मान खाली, दिवसाला हजार विड्या’ असं लिहा. हमाली असेल तर पोतं किती किलोचं, दिवसाला किती, किती पायऱ्या चढून. मागावर असाल तर किती माग सांभाळता, उभं किती वेळ, वाकून तुटलेला धागा जोडायचं काम किती.

पुढच्या पानांपासून रोज दोन ओळी : तारीख, काय काम केलं, कुठे दुखलं, शून्य ते दहात किती, रात्री झोप लागली का, कुठली गोळी घेतली. दोन आठवडे हे केलंत की तुमचं तुम्हालाच दिसतं की बुधवारी मोठे कास्टिंग आले त्या रात्री खांदा नऊवर होता आणि शनिवारी छोटे पार्ट होते तेव्हा चारवर.

यात खाडाखोड करून जुन्या तारखा घालू नका. पुढे कधी भरपाईचा प्रश्न आला तर रोजच्या रोज लिहिलेली साधी वही खरी वाटते, एका बैठकीत लिहिलेली लगेच ओळखू येते.

काम करताना सहकाऱ्याला तुमचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. कारखान्यात मोबाइलला बंदी असेल तर घरी तशी हालचाल करून घ्या. फिजिओथेरपिस्टला त्यातून पुष्कळ कळतं.

४. डॉक्टरकडे काय सांगायचं, काय विचारायचं

सरकारी ओपीडीत डॉक्टरला तुमच्यासाठी मोजकी मिनिटं असतात. ‘सगळं अंग दुखतंय’ म्हणून सुरुवात केलीत तर दुखण्याची गोळी मिळते आणि नंबर संपतो. पहिल्याच वाक्यात काम सांगा : ‘डॉक्टर, मी हमाल आहे, पन्नास किलोची पोती उचलतो, तीन महिन्यांपासून उजव्या पायात कळ उतरते.’ सन १७०० मध्ये इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं सांगून ठेवलं आहे की रोग्याला ‘तू काम काय करतोस’ हे विचारलंच पाहिजे. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगा, आणि ते केसपेपरवर लिहायला सांगा. पुढे हीच ओळ कामाला येते.

कुठे जायचं? ईएसआय असेल तर आधी ईएसआयचा दवाखाना. नसेल तर तालुक्याचं सरकारी रुग्णालय किंवा बेळगावातलं सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी वैद्यकीय कॉलेजचं जिल्हा रुग्णालय. तिथे हाडांचा विभाग असतो. निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडच्यांनी तालुक्याला दाखवून पत्र घेऊन यावं, फुकटची फेरी वाचते. मराठीत बोलायला अडचण सहसा येत नाही. कागद मात्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात. सही करण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगा, किंवा घरातलं कन्नड शाळेत शिकणारं पोर सोबत न्या.

डॉक्टरला हे विचारा : नेमकं काय धरलं आहे, कुठली हालचाल किती दिवस टाळायची, व्यायाम कोणता, पुन्हा कधी यायचं. मधुमेह आणि थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. खांदा आखडणं आणि मनगटात नस दबणं या दोन्ही गोष्टी मधुमेहींना जास्त होतात, आणि साखर ताब्यात नसेल तर बरं व्हायला वेळ लागतो.

आता इथले खड्डे.

*सुट्ट्या गोळ्या.* कागदी पुडीत, नाव नसलेल्या रंगीत गोळ्या कुणी दिल्या आणि दोन दिवसांत ‘जादू’ झाली, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता धरा. महिनोन्‌महिने खाल्ल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केल्या तरी धोका असतो. आधीपासून घेत असाल तर पुडी डॉक्टरला दाखवून मगच कमी करा. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्याही रोज, उपाशीपोटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असताना स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. चार-पाच दिवसांसाठी डॉक्टरनं दिल्या तर घ्या. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी एक गोळी टाकून कामाला उभं राहणं हे सर्वांत वाईट. दुखणं हा अंगानं दिलेला इशारा असतो, तो दाबून तुम्ही तेच अंग आणखी ओढता.

*एमआरआयची घाई.* नव्या कंबरदुखीत, दुसऱ्या पायरीतली लक्षणं नसतील तर, पहिल्या दिवशी एमआरआय लागत नाही. बहुतेक कंबरदुखी सहा आठवड्यांत उतरते. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकलेली दिसणं हे न दुखणाऱ्या माणसांतही सापडतं. ते पाहून घाबरून ऑपरेशनला तयार होऊ नका, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

*अंथरुणाला खिळणं.* कंबर धरली की आठ दिवस झोपून राहा, असं घरचे प्रेमानं सांगतात. एक-दोन दिवस पुरे. नंतर सोसेल तेवढं चालणं-फिरणं चालू ठेवणाऱ्यांची कंबर लवकर सुटते.

*मालिश आणि हाडवैद्य.* हलक्या हातानं तेल चोळून, शेकून बरं वाटत असेल तर जरूर करा. मान किंवा कंबर झटक्यानं ‘मोडून’ घेऊ नका, विशेषतः हातापायात मुंग्या येत असताना.

*कंबरपट्टा.* पट्टा बांधला म्हणून जास्त वजन उचलता येतं हा समज घालवा. पट्ट्यानं दुखापत टळते याला भक्कम पुरावा नाही. डॉक्टरनं काही दिवसांसाठी दिला तर तेवढ्यापुरता वापरा.

फिजिओथेरपी मात्र सोडू नका. दोन दिवस मशीन लावून ‘काही फरक नाही’ म्हणत सोडणारे खूप पाहिले. शेकण्याच्या मशीननं तात्पुरता आराम मिळतो, खरं काम घरी रोज करायच्या व्यायामाचं असतं. खांद्याच्या किंवा कोपराच्या स्नायूबंधाला सावरायला दोन-तीन महिने लागतात. व्यायाम कागदावर चित्रासह मागून घ्या.

५. कागद एका पिशवीत ठेवा

- आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक. तिन्हीवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते आधी पाहा. आपल्या भागात एका कागदावर मराठी वळणाचं आणि दुसऱ्यावर कन्नड वळणाचं नाव असतं, आणि अर्ज तिथेच अडतो.
- ईएसआयचं कार्ड किंवा दहा आकडी विमा क्रमांक
- पगाराची पावती, हजेरी कार्ड, किंवा गेटपासचा फोटो. विडी कामगारांनी ओळखपत्र आणि मालाची नोंद असलेलं पासबुक
- सर्व केसपेपर, एक्स-रे, औषधाच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावून
- वही

मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नका. एजंट मागतात, झेरॉक्स द्या. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

६. ईएसआय असेल तर

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होतो. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. ठेकेदाराकडे असलात तरी लागू होतो. पगार कापला जातो पण पैसे भरलेच जात नाहीत, असंही होतं. म्हणून आजारी पडण्याची वाट न पाहता उमंग अॅपवर किंवा ईएसआयच्या वेबसाइटवर आपला क्रमांक टाकून हप्ते दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर आधी एचआरला लेखी विचारा, मग ईएसआयच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर तक्रार करा.

बेळगावात अशोकनगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. तुमच्या कार्डावर नेमलेल्या दवाखान्यातून सुरुवात करायची, तिथून पुढे पाठवतात. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून रोज बेळगावला कामाला येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : ईएसआय केंद्राचा आहे, राज्याची सीमा त्याला आड येत नाही. कुटुंब दुसऱ्या राज्यात राहत असेल तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना नोंदवता येतो.

पैशाच्या मदतीचे दोन रस्ते आहेत आणि त्यांतला फरक समजून घेणं फार गरजेचं आहे.

पहिला आजारपणाचा. ईएसआयच्या डॉक्टरनं सुट्टीचा दाखला दिला तर सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात किमान ७८ दिवस भरलेले हवेत. नव्यानं लागलेल्यांना औषधोपचार लगेच मिळतात, पण ही रक्कम साधारण नऊ महिन्यांनंतरच मिळू लागते. हळूहळू वाढलेला खांदा, मनगट, कंबर यांना व्यवहारात हाच रस्ता लागतो. खाजगी डॉक्टरचा दाखला आणून नंतर पैसे मागितलेत तर अडचण येते. खाजगीत दाखवायचं असेल तरी ईएसआयच्या डॉक्टरकडे आधी नोंद करा.

दुसरा कामावरच्या दुखापतीचा. यात ९० टक्के मिळतात, काम करता येत नाही तोवर मिळतात, आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतात. कायमचं अंग अधू झालं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्याप्रमाणे रक्कम चालू राहते. पण यासाठी ‘अपघात’ असावा लागतो, किंवा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक रोग. त्या यादीत शिसं, पारा, सिलिकाची धूळ, आवाजामुळे येणारा बहिरेपणा आहे. कंबरदुखी आणि खांदेदुखी त्या यादीत नावानं नाहीत. म्हणून एखाद्या ठरावीक क्षणी काही झालं असेल, कास्टिंग उचलताना चमक भरली, पोत्यासकट पाय घसरला, तर ते त्याच दिवशी सांगणं अत्यंत महत्त्वाचं. तोंडी सांगितलं तरी कायद्यानं चालतं, पण पुरावा राहावा म्हणून सुपरवायझरला मोबाइलवर असा निरोप पाठवा :

‘आज दिनांक अमुक, दुपारी अमुक वाजता, अमुक मशीनजवळ सुमारे अमुक किलोचं कास्टिंग उचलताना माझ्या कंबरेत चमक भरली. सोबत अमुक होते. अपघात नोंदवहीत नोंद करावी ही विनंती.’

दवाखान्यात ‘घरी पडलो म्हणून सांग’ असा सल्ला कुणी दिला तर मानू नका. केसपेपरवर एकदा ‘घरी’ असं लिहिलं गेलं की पुढे ते पुसता येत नाही. खरं तेच सांगा : कुठे, कधी, काय उचलताना.

दाखल्यावर सुट्टीत असताना किंवा दुखापतीची रक्कम मिळत असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही, असं संरक्षण १९४८ च्या ईएसआय कायद्यात होतं; आता काय नियम आहे ते ईएसआय कार्यालयात विचारून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत सामावले गेले, त्यामुळे फॉर्मची नावं-क्रमांक बदलू शकतात. खिडकीवर ‘आता कोणता फॉर्म’ एवढं विचारून घ्या. चाळीशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकानं करावी, हेही या बदलांत आलं आहे. त्या तपासणीत रक्तदाब-साखरेबरोबर खांदा आणि कंबरेचंही सांगा.

७. ईएसआय नसेल तर

माग, विडी, हमाली, शेती, बांधकाम, वीटभट्टी. सीमाभागातला मोठा कष्टकरी वर्ग इथेच येतो, आणि त्याला मिळतं कमी. जे आहे ते असं.

ऑपरेशन किंवा भरती होण्याची वेळ आली तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. अट एवढीच की तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालय, तिथून रेफरल पत्र, मग खाजगी. थेट खाजगीत भरती होऊन नंतर पत्र आणायला धावणारे अडकतात. महाराष्ट्र सरकारनंही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला आहे. तुमचं गाव त्यात असेल तर जिथे उपचार घ्यायचे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारा.

बांधकाम कामगारांनी कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. विडी कामगारांसाठी केंद्रीय कामगार खात्याचे दवाखाने आहेत, ओळखपत्राशिवाय तिथे काही होत नाही. घरी विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांकडे हे ओळखपत्रच नसतं, कारण माल दुसऱ्याच्या नावावर जातो. आधी ते करून घ्या. हमाल, शिंपी, घरकामगार यांच्यासाठी राज्याची आंबेडकर कार्मिक सहाय हस्त योजना आहे, तिचा भर अपघातावर आहे. ई-श्रम ही असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी फुकट होते, तीही करून ठेवा.

कामावर अपघात झाला आणि ईएसआय नसेल तर कामगार भरपाईच्या कायद्यानं मालकाकडे भरपाई मागता येते. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बेळगावच्या न्यायालयाच्या आवारात चौकशी करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारांनाही.

८. काम बदला

नोकरी सोडा असं मी म्हणत नाही. काम करण्याची पद्धत, उंची, वजन, वेळ यांतलं जे हातात आहे ते बदला. एक नियम सगळीकडे चालतो : हातातलं हलकं काम कोपराच्या उंचीला, जोराचं काम त्याच्या थोडं खाली, नजरेचं बारीक काम थोडं वर. हात खांद्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जात असतील तर टेबल, पाट, विटा लावून उंची बदला.

*फाउंड्री.* कास्टिंग जमिनीवर ठेवून घासू नका, बेंच मागा. ग्राइंडरचं चाक झिजलेलं किंवा असमतोल असेल तर थरथर वाढते, ते बदलून घेणं हा तुमचा हक्क समजा. ग्राइंडर गरजेपुरताच घट्ट धरा, हात गरम ठेवा, विडी-सिगारेट सोडा, कारण तंबाखूनं बोटांचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. सलग तासभर ग्राइंडर धरण्याऐवजी वीस मिनिटांनी जोडीदाराशी काम बदला. आमच्याकडे हे दोघांनी आपसांत ठरवून सुरू केलं, सुपरवायझरला उत्पादन कमी झालेलं दिसलं नाही, आणि मग कुणी अडवलं नाही.

*विडी.* भिंतीला पाठ टेकवून बसा. सूप मांडीवर ठेवण्याऐवजी छोट्या पाटावर किंवा उशीवर चढवा, म्हणजे मान कमी वाकते. अर्ध्या तासानं उठून पाणी प्या, बोटं पूर्ण उघडून ताणा. पानं कापणं, वळणं, तोंड बंद करणं ही कामं घरात दोघी असाल तर आलटूनपालटून करा. दिवसभर एकीनंच वळायचं ठरवलं की अंगठा तिचाच जातो.

*माग.* उभं राहून काम असेल तर एक पाय आलटूनपालटून चार बोटं उंच लाकडावर ठेवा, कंबरेचा ताण उतरतो. पायाखाली जुनी रबरी चटई घाला. कांड्यांची पेटी जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा.

*हमाली.* एका प्रौढ पुरुषानं ५५ किलोच्या वर वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच केली आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं गणित तर सर्व काही अनुकूल असतानाही २३ किलोवर थांबतं. आपल्याकडे सिमेंटचं पोतं ५० चं, आणि काही माल त्याहून जड येतो. गुडघ्यात वाकून उचला, पोतं अंगाला चिकटवा, कंबर पिळू नका, आधी पाय वळवा. पण खरं सांगायचं तर नुसत्या ‘नीट उचला’ या शिकवणीनं दुखापती फारशा घटत नाहीत. गाडा, ट्रॉली, ट्रकच्या पाट्याइतकी उंच थप्पी, दोघांनी उचलणं, यानं घटतात. हे एकट्यानं मागून मिळत नाही. टोळीनं, संघटनेनं मागा. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी ऐंशीच्या दशकात एकत्र येऊनच आपल्या मागण्या पदरात पाडून घेतल्या.

*शेती.* लावणीत ओळ संपली की सरळ उभं राहून कंबर मागे ताणा, दहा श्वास घ्या. रोपांच्या मुठी बांधावरून एकदम मोठा भारा करून ओढू नका. ऊसतोडीत कोयत्याला धार लावलेली असली की मनगटाला झटका कमी बसतो, मोळी लहान बांधली तर फेऱ्या वाढतात पण मान वाचते.

नगावर मजुरी घेणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. थांबलं की पैसे थांबतात. म्हणून मोठी विश्रांती जमत नसेल तर छोट्या घ्या. अर्ध्या तासाला एक मिनिट थांबलात तर मजुरी फारशी बुडत नाही, आणि महिनाभर घरी बसायची वेळ टळू शकते.

९. कामावर परत जाताना

डॉक्टरकडून नुसतं ‘विश्रांती’ किंवा ‘फिट’ असं लिहून घेऊ नका. ‘फिट’ लिहिलं की पहिल्याच दिवशी जुन्या जागी उभं करतात. असं लिहून मागा : ‘तीन आठवडे पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये, खांद्याच्या वर हात नेऊन काम नको, ग्राइंडर नको.’ आकडे डॉक्टरनं ठरवायचे, पण मुद्दे वेगवेगळे लिहिलेले हवेत. त्यावरून सुपरवायझरला पॅकिंग, तपासणी, स्टोअर असं काही देता येतं. चिठ्ठी देताना झेरॉक्सवर पोच घ्या.

सुपरवायझरशी बोलताना तक्रारीबरोबर उपायही न्या. ‘बेंच एक वीत वर घेतला तर मला दोन्ही पाळ्या करता येतील’ असं सांगितलं की ऐकून घेतलं जातं. मी पाहिलेल्या बहुतेक बदलांना काही शे रुपये लागले होते.

पहिला आठवडा अर्धा वेळ किंवा निम्मं वजन, दुसऱ्यात थोडं वाढवा. थोडं दुखलं तर घाबरू नका. रात्रीत उतरलं तर ठीक, दुसऱ्या सकाळीही आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर एक पायरी मागे या. घरचे व्यायाम बरं वाटल्यावरही निदान तीन महिने चालू ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा रात्री जाग यायला लागली तर गोळी वाढवू नका, वही आणि ती चिठ्ठी घेऊन त्याच डॉक्टरकडे जा आणि कामाची अट आणखी किती दिवस हवी ते नव्यानं लिहून आणा.